आपल्या शिवारातली माती जाते कुठे?

श्रोतेहो, आपल्या धाराशिव जिल्ह्यापासून समुद्र खूप दूर. तरीही आज मी नदी समुद्राला मिळते तिथल्या जमिनीविषयी, म्हणजे त्रिभुज प्रदेशाविषयी बोलणार आहे. कारण त्या जमिनीत आपल्या शिवारातल्या मातीचाही वाटा आहे.

बालाघाटाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाला दोन वाटा फुटतात. पूर्वेकडचे पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला जाते. पश्चिमेकडचे सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला. गंमत अशी, की इथे वेगळे झालेले हे पाणी आंध्रच्या किनाऱ्यावर पुन्हा शेजारी येते. गोदावरी आणि कृष्णा यांचे त्रिभुज प्रदेश एकमेकांना लागून आहेत.

हे प्रदेश घडतात कसे? पुराचे पाणी उतारावर जोरात धावते, म्हणून माती वाहून नेते. समुद्राजवळ उतार संपतो, वेग मोडतो. आधी जाड वाळू खाली बसते. बारीक गाळ पुढे जातो. खाऱ्या पाण्यात त्याचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी जातात. स्वतःच्याच गाळाने पात्र भरले, की नदी बाजूने नवी वाट काढते. धवळेश्वरमच्या खाली गोदावरीचे असेच गौतमी आणि वसिष्ठा हे मुख्य फाटे होतात. हजारो वर्षांत अशा फाट्यांमधून पंख्यासारखी जमीन पसरते. १८५२ साली सर आर्थर कॉटन यांनी धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण केला, कालवे निघाले आणि हा मुलूख भाताचे कोठार बनला.

मात्र नवा गाळ आला नाही, तर ही जमीन खचत जाते, लाटा तिला कुरतडतात. आज तेरणा, मांजरा, सीना-कोळेगाव अशा धरणांत आपली बरीच माती अडते. शेताचा सुपीक थर जातो, धरणाची साठवण घटते आणि किनारा गाळाला मुकतो. तोटा तिन्हीकडे आहे.

आपल्या दुष्काळी भागाला धरणे हवीतच. पण त्यांत साचलेला गाळ उन्हाळ्यात पुन्हा शेतात नेता येतो. राज्यात २०१७ मध्ये त्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. त्याने किनाऱ्याची उणीव भरून निघणार नाही. निदान आपल्या घरचे दोन तोटे तरी कमी होतील. आणि पावसाळ्यापूर्वी फुटलेले बांध सांधले, तर माती शेतातून निघणारच कमी. या उन्हाळ्यात एवढे काम आपण नक्की करू शकतो.