धुतलेली पालेभाजी निर्धोक असते का?



वालधुनी नदी अंबरनाथहून उल्हासनगरमार्गे कल्याणकडे वाहते. वाटेत कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी तिच्यात मिसळत आले आहे. बदलापूरलाही औद्योगिक वसाहत आहे. अशा नदी-नाल्यांच्या पाण्यावरची पालेभाजी धुतली की झाले, असे अनेकांना वाटते. ते खरे आहे का?

याचे उत्तर लेसर मास स्पेक्ट्रोमेट्री या तंत्राने मिळते. पानाच्या तुकड्यावर केसाहून बारीक लेसर किरण ओळीने फिरवतात. प्रत्येक ठिपक्यातून उडालेले कण वायूबरोबर उपकरणात जातात. तेथे अतिशय तप्त प्लाझ्मात त्यांचे आयन बनतात व वजनानुसार मोजले जातात. सारे ठिपके जुळवले की, कोणता धातू पानात कोठे आहे, याचा नकाशा तयार होतो.

शिसे बहुतांशी धुळीबरोबर पानावर बसते. ते धुतल्याने बरेच जाते. कॅडमियम मात्र मुळांवाटे शिरून पानाच्या आत साठते. ते धुऊन जात नाही आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास मूत्रपिंडास अपाय करते. पालेभाजीत त्याची आंतरराष्ट्रीय कोडेक्स मर्यादा किलोस ०.२ मिलिग्रॅम आहे. एवढे प्रमाण चवीला कळत नाही.

म्हणून :

१) सांडपाण्याच्या नाल्याचे पाणी भाजीला देऊ नये.

२) संशयित जमिनीत पालक, माठ यांऐवजी फुलझाडे घ्यावीत.

३) माती व पाण्याची जड धातूंसाठी वेगळी तपासणी करून घ्यावी, नेहमीच्या माती परीक्षणात ती होत नाही.

४) आम्लधर्मी जमिनीत शिफारशीनुसार चुना व कुजलेले शेणखत द्यावे. त्याने कॅडमियमचे शोषण घटते; पण धातू मातीतच राहतो.

बाजारात जाणारी जुडी आपल्याही घरात शिजते, हे ध्यानात ठेवावे.