जुना संगणक सुरू होत नाही तेव्हा

माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढला, पुसून जोडला, बटण दाबलं. पण पंखासुद्धा हलला नाही. अशा वेळी मदरबोर्ड गेला असं मानण्याआधी त्याला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, नीट तपासा.

आधी प्लग काढा आणि डब्याच्या मागे लाल स्विच आहे का ते पाहा. असेल तर तो २३० वरच हवा. ११५ वर असताना आपल्याकडची वीज जोडली, तर एसएमपीएस जळतो. मग २० किंवा २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा छोटा कनेक्टर घट्ट बसवा. छोटा राहून गेला, तर पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो.

आता मल्टिमीटर घ्या. एटीएक्स पद्धतीच्या एसएमपीएसला वीज मिळाली, की संगणक बंद असतानाही जांभळ्या वायरवर सुमारे ५ व्होल्ट दिसायला हवेत. संगणक सुरू झाल्यावर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असावेत.

सुरू होऊन लगेच बंद पडतो? मग प्लग काढून हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, जादा कार्डं सोडवा आणि एकेक भाग परत जोडत जा. दोष सापडेल.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते. तो बिघडला असेल, तर बदलणंच सुरक्षित.