पावती की समज?

(एका नागरी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजच्या विषयाची सुरुवात मी माझ्याच अपराधापासून करतो. वकिलीला प्रारंभ करून मला दोन-तीन वर्षे झाली होती. एका संध्याकाळी न्यायालयातून परतताना वळसा वाचावा म्हणून मी स्कूटर एका 'नो एंट्री'च्या गल्लीत घातली. गल्लीच्या टोकाला वाहतूक हवालदार उभे होते. त्यांनी माझे लायसन्स पाहिले, गळ्यातील पांढरे बँड पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, कायदा शिकलेल्यांनीच असं केलं तर बाकीच्यांना आम्ही काय सांगायचं?" पावती न फाडता त्यांनी मला जाऊ दिले. मी खजील झालो आणि पंधरा दिवस त्या गल्लीकडे फिरकलो नाही. सोळाव्या दिवशी मात्र घाई होती. त्या दिवशी दुसरे हवालदार होते. मागच्या आसनावर बसलेल्या सहकाऱ्याने कोणाचे तरी नाव सांगितले आणि आमची पुन्हा सुटका झाली. पहिल्या वेळी मी खजील झालो होतो, दुसऱ्या वेळी हुशार झालो. आमच्याच मागून भाजीचा टेम्पो घेऊन आलेल्या एका तरुणाला मात्र तेथे शंभर रुपये भरावे लागले. त्याच्याकडे ना बँड होते, ना सांगायला नाव.

किरकोळ वाहतूक नियमभंगाला दंड करावा की समज द्यावी, या प्रश्नाचा विचार करताना मला तो टेम्पोवाला आठवतो. 'पहिलीच चूक आहे, समज देऊन सोडा' असे म्हणणारे सहृदय असतात, यात शंका नाही. परंतु आपल्याकडे ही समज प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येते? ज्याची भाषा शुद्ध, कपडे इस्त्रीचे आणि ओळख वरपर्यंत, त्याच्या. इतरांच्या वाट्याला पावती येते किंवा पावतीविना होणारी चिरीमिरी. तोंडी समजेची कोठेही नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा बाजार मांडायला वेळ लागत नाही.

आपल्या प्राचीन दंडनीतीने हा प्रश्न फार बारकाईने हाताळलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत दंडाचे चार प्रकार येतात : धिग्दंड, वाग्दंड, धनदंड आणि वधदंड. म्हणजे निर्भर्त्सना आणि कठोर शब्दांत दिलेली समज हीदेखील शिक्षाच होय. दंड देताना अपराध, देश, काल, तसेच अपराध्याचे बळ, वय, कर्म आणि वित्त पाहावे, असेही तेथे सांगितले आहे. त्या ग्रंथांतील सारेच आज स्वीकारावे असे मी म्हणणार नाही. वर्णानुसार दंड बदलणारी वचने तर मुळीच स्वीकारार्ह नाहीत. परंतु कौटिल्याचे निरीक्षण आजही लागू पडते. अतिकठोर दंड करणाऱ्या राजाचा प्रजेला उद्वेग येतो, अतिसौम्य दंड करणाऱ्याला कोणी जुमानत नाही आणि यथायोग्य दंड करणाराच आदरास पात्र ठरतो, असे तो सांगतो. आपण मात्र कागदावर तीक्ष्णदंड आणि चौकात मृदुदंड, असा विचित्र संसार थाटला आहे.

हे कसे घडले ते पाहा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १७७ हे किरकोळ नियमभंगाचे सर्वसाधारण कलम. त्यात पहिल्या वेळी शंभर आणि नंतर तीनशे रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. २०१९च्या दुरुस्तीने ही मर्यादा अनुक्रमे पाचशे आणि दीड हजार झाली. विनाहेल्मेट दुचाकी चालवण्याला एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्सची अपात्रता आली. लगेच राज्याराज्यांतून ओरड सुरू झाली. गुजरातने त्याच सप्टेंबरमध्ये तडजोडीच्या रकमा घटवल्या. महाराष्ट्रानेही अंमलबजावणी लांबवली आणि सुधारित रकमा लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. पुण्यात तर त्याच वर्षाच्या, म्हणजे २०१९च्या, जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध पुणेरी पगड्या घालून मोर्चा निघाला होता. पगडीविषयी मला नितांत आदर आहे. पण डांबरी रस्त्यावर आपटणाऱ्या कवटीचे रक्षण ती करीत नाही.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एकाच वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५० हजारांहून अधिक दुचाकीस्वारांनी आणि सहप्रवाशांनी हेल्मेट घातलेले नव्हते. ३२ हजारांहून अधिक तर पादचारी होते. त्यांनी कोणते वाहन चालवले होते? थांबरेषा ओलांडून गाडी झेब्रा पट्ट्यावर उभी करणे, ही आपल्याला किरकोळ चूक वाटते. पण नातवाचा हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या आजींना त्या गाडीला वळसा घालून वाहत्या रस्त्यात उतरावे लागते. त्यांच्या दृष्टीने ती चूक किरकोळ नाही.

म्हणून 'किरकोळ' या शब्दाची मर्यादा आधी ठरवली पाहिजे. वास्तविक कायद्यानेच ती आखून ठेवली आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहनचालनाच्या कलमात, लाल दिवा ओलांडणे, मोबाईल हातात धरून वाहन चालवणे आणि वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने जाणे यांचा स्पष्ट समावेश झाला. ज्या कृतीने दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो, तिला समज हे उत्तर असू शकत नाही. उलट्या दिशेने आलेल्या माणसाची ती पहिली वेळ होती, हे ज्याला धडक बसली त्याला सांगून काय उपयोग?

उरतात त्या खरोखर लहान चुका. पाटी झाडाच्या फांदीआड गेल्याने चुकलेली गल्ली, पुसट झालेल्या रेषेपलीकडे उभे राहिलेले चाक, घरी विसरलेला कागद. या ठिकाणी पहिल्या चुकीला दंड करू नये, असेच माझे मत आहे. परंतु समज द्यायची ती लेखी द्यावी. दंडाची नोंद ज्या ई-चलान यंत्रावर होते, त्याच यंत्रावर समजेचीही व्हावी. वाहनाचा क्रमांक, लायसन्सचा क्रमांक, ठिकाण, वेळ आणि समज देणाऱ्याचे नाव त्यात असावे. वर्षभरात तीच चूक पुन्हा झाली, तर मग नाव कोणाचेही सांगा, पूर्ण दंड. अशी व्यवस्था त्या वेळी असती, तर मी आणि तो टेम्पोवाला दोघेही पहिल्या दिवशी समज घेऊन घरी गेलो असतो आणि सोळाव्या दिवशी माझे पाकीट हलके झाले असते. कायद्याच्या दृष्टीने आम्ही प्रथमच समान ठरलो असतो.

ब्रिटनमध्ये वेगमर्यादेचा थोडक्यात भंग करणाऱ्याला दंडाऐवजी जाणीववर्गाला बसण्याचा पर्याय देतात. त्याचे शुल्क चालकानेच भरायचे असते आणि तीन वर्षांत पुन्हा पकडले गेल्यास ही सवलत मिळत नाही. आपल्या सुधारित कायद्यातही, कलम २०० अन्वये, तडजोडीच्या रकमेसोबत समाजसेवा करायला लावण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. शाळेसमोरच्या चौकात एक तास उभे राहून मुलांना रस्ता ओलांडायला मदत करणे, हा पाचशे रुपयांहून मोठा संस्कार आहे. पाचशे रुपये एखाद्याची दिवसभराची मजुरी असते, तर एखाद्याचा उपाहारगृहातला एका वेळचा नाश्ता. फिनलंडमध्ये गंभीर वेगभंगाचा दंड चालकाच्या उत्पन्नावर ठरतो. याज्ञवल्क्याने 'वित्त' पाहायला सांगितले, ते याचसाठी.

यंत्राने दंड केला की माणसांचा पक्षपात संपेल, असे काहींना वाटते. ते अंशतः खरे आहे. परंतु कॅमेऱ्याने टिपलेला अपराध लगेच कळला नाही, तर चालक तोवर तीच चूक आणखी दहा वेळा करतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनी ही सूचना पंधरा दिवसांच्या आत द्यावी आणि कॅमेरा असलेल्या ठिकाणी तसे फलक लावावेत, असे बंधन घातले आहे. नागरिकांनी त्याचा आग्रह धरला पाहिजे. त्याहून घातक आहे ती थकलेल्या दंडावरील सूट. तेलंगणाने २०२२ मध्ये दुचाकींच्या थकीत चलानांवर पंचाहत्तर टक्के, तर कर्नाटकाने २०२३ मध्ये पन्नास टक्के सवलत दिली. तिजोरीत पैसे आले. पण ज्याने पावती मिळताच निमूटपणे पूर्ण रक्कम भरली, तो मूर्ख ठरला! एक वेळ दंड रद्द करा, पण त्याचा सेल लावू नका.

आता एक शंका हमखास विचारली जाईल. नियम मोडणाऱ्या पोलिसांचे काय? कलम २१० ब वाचावे. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यानेच तो मोडला, तर त्याला दुप्पट दंड आहे. विनाहेल्मेट शासकीय दुचाकी दिसली, तर ते कलम आठवणीने सांगा. आणि पुसलेले पट्टे, झाकलेल्या पाट्या यांची तक्रार महापालिकेकडे लेखी करा. तेथेही तोंडी समजेचा उपयोग नसतो.

माझे बोलणे येथे संपवतो. प्रश्नोत्तरांपूर्वी एक सूचना. मी आलो तेव्हा सभागृहाच्या फाटकालगत, 'वाहने उभी करू नयेत' या पाटीखाली, चौदा दुचाकी उभ्या होत्या. दोन मिनिटे थांबायला माझी हरकत नाही.