अनवाणी पाऊल आणि सार्वजनिक जागा

मुंबईहून नाशिककडे जाणारा हमरस्ता खाडी ओलांडून भिवंडी तालुक्यांत शिरला, कीं थोड्याच अंतरावर मानकोलीचा नाका लागतो. दोन्ही बाजूंस गोदामांच्या रांगा, अखंड चाललेली मालमोटारींची वर्दळ आणि चैत्र-वैशाखांत तव्याप्रमाणें तापणारें डांबर, असें या नाक्याचें रूप आहे. अशा रस्त्यावरून एखादा मनुष्य अनवाणी जातांना दिसला, तर पाहणाऱ्याच्या मनांत काय येतें? कोणी म्हणेल, नवस असेल. कोणी म्हणेल, लहर असेल. आणि कोणाच्या ध्यानांत येईल कीं, त्याच्यापाशीं वहाणाच नसतील. श्रद्धा, आवड आणि दारिद्र्य हीं अनवाणी चालण्याचीं तीन कारणें होत. पाऊल मात्र तिन्ही वेळीं सारखेंच दिसतें. सार्वजनिक जागांचे नियम करणारांची खरी अडचण येथेंच आहे.

पहिलें कारण आपल्या समाजास चांगलें परिचयाचें आहे. याच तालुक्यांतील वज्रेश्वरीचें मंदिर चिमाजी आप्पांच्या 1739 सालच्या वसईविजयाशीं निगडित आहे. तेथें श्रीमंत आणि गरीब दोघेही पायऱ्यांपाशीं वहाणा काढून ठेवतात. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या वारींत कित्येक वारकरी सारी वाट अनवाणी चालतात. येथें पादत्राण काढणें म्हणजे अहंकार काढणें होय, आणि तें सर्वांना सारखें असल्यामुळें त्यांत कोणाचाही अपमान होत नाहीं.

परंतु हीच गोष्ट एकानें दुसऱ्यावर लादली, कीं तिचा अर्थ पालटतो. अनेक गांवांत अस्पृश्य मानलेल्या माणसांना वरिष्ठ म्हणविणारांच्या वस्तींतून जातांना वहाणा हातांत घ्याव्या लागत. परकीय अंमलांत कचेरींत आणि न्यायालयांत एतद्देशीयांनीं जोडे काढून यावें, असा आग्रह धरला जाई. 1862 सालीं सुरतेच्या न्यायालयांत माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थाच्या जोड्यांवरून उठलेला वाद त्या काळीं बराच गाजला. त्या वेळीं जोडे घालणें हा अपराध होता. पुढें सव्वाशें वर्षांनीं काळाचें चक्र उलटें फिरलें. पंढरपुरांत जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन 1964 सालीं कवि मुक्तिबोध यांच्या निधनानंतर पादत्राणें सोडून राहूं लागले, असें सांगतात. 1988 सालीं मुंबईच्या विलिंग्डन क्लबांत त्यांना प्रवेश नाकारण्यांत आला, तो पायांत जोडे नव्हते म्हणून! एका काळीं जोडे घातले म्हणून मनुष्य दाराबाहेर, आणि दुसऱ्या काळीं न घातले म्हणून दाराबाहेर. दोन्ही वेळीं प्रश्न पायांचा नव्हता. दार कोणाच्या मालकीचें आहे हें दाखविण्याचा होता.

हुसेन यांच्याविषयीं निदान वृत्तपत्रांनीं लिहिलें. ज्यांच्यापाशीं वहाणाच नाहींत, त्यांच्याविषयीं क्वचितच कोणी लिहितो. तो योग 2018 सालच्या मार्च महिन्यांत आला. अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखालीं दिनांक 6 रोजीं नाशिकहून हजारो शेतकरी आणि आदिवासी स्त्रीपुरुष पायीं निघाले. सुमारें 180 किलोमीटरांची ही वाट मानकोलीवरून जाणाऱ्या याच हमरस्त्यानें मुंबईकडे गेली. कसत असलेल्या वनजमिनीवर आपला हक्क मान्य व्हावा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. कित्येकांच्या वहाणा वाटेंत तुटल्या. कित्येक निघाले तेच अनवाणी. फोडांनीं सोललेल्या तळव्यांचीं छायाचित्रें देशभर पसरलीं, आणि मुंबईकरांनीं पाणी, अन्न व चपला घेऊन त्यांना गांठलें. त्या थकलेल्या पायांनीं शेवटचा पल्ला शीवपासून आझाद मैदानापर्यंत रात्रींच्या रात्रीं तोडला, कारण दुसऱ्या दिवशीं दहावीच्या परीक्षेस जाणाऱ्या मुलांना त्रास होऊं नये, ही त्यांची इच्छा होती. ज्यांच्या पायांत वहाण नव्हती त्यांनीं परक्यांच्या मुलांची एवढी काळजी वाहिली! अशा माणसाला पायांकडे पाहून दारावर अडविणें कितपत शोभेल?

तथापि अनवाणी चालण्याचें सरसकट कौतुक करणेंही योग्य नव्हे. तळव्याची कातडी सरावानें जाड होते. 2019 सालीं केनियांतील लोकांची पाहणी करून शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, अशा घट्ट्यांमुळें पायाचें रक्षण होतें आणि स्पर्शज्ञानही कमी होत नाहीं. परंतु त्या घट्ट्यांनाही मर्यादा आहे. भर उन्हांत डांबर हवेपेक्षां कितीतरी अधिक तापतें, आणि 50 अंशांपलीकडे तापलेल्या पृष्ठभागावर त्वचा कांहीं मिनिटांत भाजूं शकते. ओल्या, अस्वच्छ मातींतून अंकुशकृमि तळव्याच्या कातडींतून शरीरांत शिरतो आणि रक्तक्षय घडवितो. पावसाळ्यांत साचलेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतु पायाच्या जखमेवाटे प्रवेश करतात. 2005 सालच्या महापुरानंतर मुंबईनें त्याचा कटु अनुभव घेतला. मधुमेहामुळें ज्याच्या पायांची संवेदना बोथट झाली आहे, त्याला तर कांच रुतलेली कळतही नाहीं. वैद्य त्याला घरांतही अनवाणी न फिरण्याचा सल्ला देतात.

आतां क्रीडोद्यानांचा विचार करूं. खोपोलीनजीक 2013 सालीं सुरूं झालेल्या इमॅजिकासारख्या ठिकाणीं सुटीच्या दिवशीं गांवोगांवचीं कुटुंबें लोटतात. फिरत्या यंत्रांच्या पाळण्यांत आणि सरकत्या जिन्यावर पायाचें बोट सांपडण्याचें भय असतें. तेथें पादत्राणांचा आग्रह रास्त आहे. जलक्रीडेच्या घसरगुंडीवर तेच पादत्राण अडथळा होतें. तेथें तें काढावयास सांगणेंही रास्त आहे. परंतु एका घसरगुंडीपासून दुसरीपर्यंतची फरसबंदी दुपारीं चटके देते, आणि लहान मुलें टाचांवर उड्या मारीत पळतात. तेथें सांवली, ओल्या तरटाची पट्टी किंवा पाण्याचा शिडकावा ठेवण्यास कितीसा खर्च येणार?

यावरून नियमाची कसोटी सहज सांपडते. जो नियम पायाचें रक्षण करतो, तो पाळावा. जो केवळ माणसाची पायरी दाखवितो, तो मोडीत काढावा. जेथें पादत्राण अवश्य आहे, तेथें दाराशींच साध्या चपलांचे कांहीं जोड ठेवावेत, म्हणजे कोणालाही परत जावें लागणार नाहीं. देवळें पायांतून वहाणा काढावयास लावतात, आणि त्या ठेवण्यासाठीं जागाही देतात. तशीच सोय उलट दिशेनें कां होऊं नये? महाराष्ट्र शासनानें 2023 सालीं सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना बूट व पायमोजे देण्याचें ठरविलें, त्यामागें हेंच तत्त्व होतें. मुलानें बूट घालून यावें असें वाटत असेल, तर आधीं ते त्याच्या पायांत यावयास हवेत.

मानकोलीच्या नाक्यावरून उद्यांही कोणी अनवाणी जाईल. तो वारकरी आहे, हौशी आहे कीं निर्धन आहे, हें त्याच्या पावलांवरून कळणार नाहीं. तें न कळतांही त्याला सावली, पाणी आणि वाट देतां आली, तरच ती जागा खऱ्या अर्थानें सार्वजनिक ठरेल.