ही कपात कोणाच्या सहीने?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



येताना पासबुक भरून आणा, असे आम्ही मागच्या बैठकीत सांगितले होते. निम्म्यांनी आणले. बाकीचे म्हणाले, "साहेब, त्यात पाहण्यासारखं आहेच काय?" आज बोलायचे आहे ते त्यांच्याशीच.

काट्यावर कापसात किलोभर घट जास्त धरली, तर आपण व्यापाऱ्याच्या अंगावर जातो. पासबुकातून 20, 149, 436 रुपये गेले, तर 'बँकेने कापले असतील' म्हणून गप्प बसतो. आम्ही तरी कुठे शहाणे होतो? शेतीची पदवी घेतली, मातीपरीक्षणाचा अहवाल वाचायला शिकलो आणि आमच्याच खात्यातून चार महिने 149 रुपये जात होते, ते पाचव्या महिन्यात दिसले. घरातल्या पोराने 'पहिला महिना 1 रुपयात' पाहून मोबाइलवर पिन टाकला होता. आठवड्याने त्याने ते ॲप काढूनही टाकले. पण ॲप काढल्याने वर्गणी बंद होत नाही. पिन टाकला, तेव्हाच दर महिन्याला पैसे घेण्याची परवानगी दिली गेली. ती यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे'त जाऊन रद्द करावी लागते. असे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आम्हालाही कळवले होते. संदेश इंग्रजीत होता, आम्ही न वाचताच पुसला!

म्हणून बँकेत जाऊन एकच विचारायचे: या कपातीला संमती कोणी, कधी, कोणत्या कागदावर दिली? विचारायचे ते लेखी, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन. तोंडी विचाराल, तर 'साहेब जेवायला गेलेत' हे उत्तर ठरलेले आहे.

मे महिन्याच्या अखेरीला 20 आणि 436 रुपये गेलेले दिसतील. 20 रुपये सुरक्षा विम्याचे, 436 जीवन ज्योती विम्याचे. 2015 साली हेच हप्ते 12 आणि 330 होते, 1 जून 2022 पासून वाढले. कर्जाचे नवे-जुने करताना गठ्ठाभर कागदांवर आपण सह्या करतो, त्यात हा अर्जही असतो. न विचारता कापले असतील, तर जरूर भांडा. पण रागाच्या भरात विमा बंद करू नका. अपघाती मृत्यूला सुरक्षा विम्याचे 2 लाख मिळतात. साप चावून माणूस गेला, तरी मिळतात, मात्र दवाखान्याचा कागद लागतो. जीवन ज्योतीचे 2 लाख मृत्यूचे कारण कोणतेही असो, मिळतात. घरधनी जातो, पासबुक पेटीत पडून राहते आणि घरच्या बाईला विमा होता हेच माहीत नसते. मायबहिणींनो, घरातल्या प्रत्येकाचे पासबुक तुम्ही पाहा. एकाच विम्याचा हप्ता दोन बँकांतून जात असेल, तर एक बंद करा. दोनदा भरले म्हणून दोनदा मिळत नाही.

पीकविम्याचेही तसेच. 2020 च्या खरिपापासून तो कर्जदारालाही ऐच्छिक आहे. नको असेल, तर शेवटच्या तारखेच्या किमान 7 दिवस आधी बँकेला लेखी द्यावे लागते. आपल्या राज्यात 2023 मध्ये 1 रुपयात विमा आला, 2025 च्या खरिपात ती सवलत गेली. आता खरीप ज्वारीला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत, कपाशीला 5 टक्क्यांपर्यंत हिस्सा आपल्याला भरावा लागतो. तेव्हा पैसे गेले, तर कोणत्या पिकाच्या नावावर गेले तेही विचारा. शेतात कपाशी आणि कागदावर भलतेच पीक असेल, तर नुकसानीच्या वेळी हाती काय लागणार?

ज्या कपातीला कोणाचीच संमती नाही, ती चोरी. तिथे वेळ घालवू नका. त्याच दिवशी बँकेला कळवा, 1930 ला फोन करा. 6 जुलै 2017 चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक सांगते की, चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशा व्यवहारात संदेश मिळाल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही. पिन तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे लागत नाहीत.

आता पासबुके काढा. मागच्या मे महिन्यापासून सुरुवात करू. ओळख पटत नाही त्या ओळीखाली पेनाने रेघ मारा. अर्ज लिहायला पोरे मागच्या बाकावर बसली आहेत.