मानकरी

पुरस्कार जाहीर झाला की निवेदक सांगतात, 'यंदाच्या मानकरी ठरल्या आहेत...' आज सहज कानावर पडणारा हा शब्द मूळचा बड्या घराण्यांचा. पेशवाईत दरबारी मानमरातब लाभलेल्या सरदारांना मानकरी म्हणत. गावात तो मान पाटलाच्या वाड्यावर असे. पोळ्याला वेशीतून आधी त्याचे बैल जायचे, होळीत पहिली पोळी त्याची पडायची, लग्नात टिळा-विडा आधी त्याला मिळायचा.

हा मान वतनाबरोबर वारसाने चाले. पाटीलकी विकताना किंवा भावाभावांत वाटून घेताना विडा आधी कोणी घ्यायचा, हेसुद्धा कागदावर लिहून ठेवत. जमिनीचा तंटा एक वेळ मिटे, पण विड्याचा तंटा गोतसभेपर्यंत जाई. घरच्या बाईला मानकरीण म्हणत, तेही नवऱ्याच्या मानामुळे. आणि ज्यांच्या राबण्यावर गाव चाले, त्यांतल्या कित्येकांना वेशीच्या आत घरही नव्हतं. पहिला कोण हे जन्माने ठरलं, की शेवटचा कोण हेही जन्मानेच ठरतं. या शब्दाचा हा इतिहास आपण विसरता कामा नये.

१९६२च्या कायद्याने महाराष्ट्रात मुलकी पाटलाचं वंशपरंपरागत पद संपलं. शब्द मात्र टिकला, आणि चांगल्या घरी गेला. आता बाई स्वतःच्या कामावर मानकरी ठरते. आषाढी एकादशीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांबरोबर विठ्ठलाच्या महापूजेला दर्शनरांगेतल्या एका जोडप्याला बोलावतात. त्यांना म्हणतात मानाचे वारकरी. त्यांचं कूळ कोणी विचारत नाही. रात्रभर रांगेत तिष्ठत उभे राहिले, हीच त्यांची पात्रता. शेतकरी आणि वारकरी यांच्या पंगतीत मानकरी हा शब्द आता खऱ्या अर्थाने येऊन बसला आहे.

तरीही अनेक गावांत जत्रेच्या मानपानावरून आजही भाऊबंदकी पेटते. माझी मनापासून विनंती आहे, हा शब्द टाकून देऊ नका, त्याचा वारसाहक्क तेवढा काढून घ्या. यंदा जत्रेचा पहिला नारळ गावची विहीर उपसणाऱ्यांच्या हातून फुटू द्या, पुढच्या वर्षी अंगणवाडीच्या ताईंच्या हातून. आपला मानकरी कोण, हे गावाने दर वर्षी नव्याने ठरवावं.