सी मधली स्ट्रिंग: स्टेशनची पाटी की तुमची वही?

आज सी मधली अशी एक गोष्ट, जिच्यामुळे माझं सेकंड इयरचं सबमिशन जवळपास बुडालं होतं.

मी कामशेतचा, कॉलेजला लोकलने जायचो. प्रोग्रॅम साधा होता: स्टेशनच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं. मी लिहिलं, कॅर स्टार एस बरोबर, डबल कोट्समध्ये इंग्रजी स्पेलिंगचं लोणावळा, सगळं स्मॉल. मग एस ऑफ झिरोमध्ये कॅपिटल एल. लॅबमधल्या टर्बो सी वर मस्त चाललं. रात्री घरी लिनक्सवर जीसीसीने कंपाइल केलं. एकही वॉर्निंग नाही. रन केलं आणि... सेगमेंटेशन फॉल्ट! रात्री दोनपर्यंत मी लॅपटॉपलाच शिव्या घालत होतो.

झालं काय होतं? प्लॅटफॉर्मवरची पिवळी पाटी आठवा. डबल कोट्समधली स्ट्रिंग म्हणजे ती पाटी. पॉइंटर म्हणजे फक्त तुमचं बोट. बोट लोणावळ्यावरून मळवलीच्या पाटीकडे नेता येतं, पण पाटीवरची अक्षरं खोडता येत नाहीत. लिनक्स ती सहसा रीड-ओन्ली मेमरीत ठेवतं. डॉसमध्ये असा पहारेकरीच नव्हता, म्हणून लॅबमध्ये खपून गेलं. स्टँडर्ड याला अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतं. म्हणजे चाललं तरी ते बरोबर नाही.

स्टारऐवजी एसपुढे चौकटी कंस टाकले, की ॲरे होतो. म्हणजे पाटीवरचं नाव तुम्ही स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. आता हवं ते अक्षर बदला. फक्त वहीचं नाव नंतर दुसऱ्या वहीला देता येत नाही.

आता गंमत बघा. लोणावळ्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 8 अक्षरं. ॲरेचा साइझऑफ 9 येतो, कारण शेवटी नल कॅरेक्टर असतं. पॉइंटरचा साइझऑफ 64-बिट मशीनवर 8. वाटतं, अरे, लांबी बरोबर आली! पण तो बोटाचा साइझ आहे, नावाचा नाही. कामशेतला 7 अक्षरं, तरी तिथेही 8 च येणार. लांबी हवी तर एसटीआरलेन वापरा.

मग कंपायलर गप्प का? सी मध्ये स्ट्रिंग लिटरलचा टाइप कॉन्स्ट नसतो. जुना कोड मोडू नये म्हणून तो तसाच ठेवला. म्हणून सवय आपणच लावायची: नुसतं वाचायचं असेल तर कॉन्स्ट कॅर स्टार, बदलायचं असेल तर ॲरे. कॉन्स्ट लिहिलं असतं, तर कंपायलरने मला तिथेच अडवलं असतं आणि मी दहा वाजता झोपलो असतो.

आज घरी गेल्यावर दोन्ही करून बघा. क्रॅश झालं तर घाबरू नका, आता कारण माहीत आहे. भेटू पुढच्या भागात!